एकदा दिले, पुन्हा का? रस्त्याचे कायदे आणि विधिमंडळाचा अभ्यास

 

आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर जरा रुक्ष छापला गेला आहे: ‘राज्य विधिमंडळ आणि वाहतुकीचे कायदे’. येताना दारातच एका जुन्या स्नेह्यांनी अडवले. म्हणाले, “सर, आयुष्यभर गौतम आणि कांट शिकवला, आता हा टोलनाका कुठून काढला?” प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की टोलनाक्यावर आपल्या तोंडून जो प्रश्न निघतो तो आमच्याच विषयातला आहे. आपण म्हणतो, “गाडी घेताना कर भरला, पेट्रोल भरताना कर भरला, मग इथे पुन्हा का?” म्हणजे आपण पैशाची कुरकुर तर करतोच, पण त्याबरोबर कारणही मागतो. आणि कायदा करणे म्हणजे काय? ज्यांना पाळायचे आहे त्यांना पटेल असे कारण देऊन नियम घालणे. ते कारण शोधायची, तपासायची जागा म्हणजे विधिमंडळ. तिथे हा अभ्यास खरोखर कसा होतो, पूर्वी कसा होत असे आणि आज तो कुठे सरकला आहे, एवढेच आज पाहू.

हे बोलायला अमळनेर ही जागा बरी आहे. १९१६ साली प्रताप शेठजींनी इथे तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. तालुक्याच्या गावात लोकांनी पूर्वपक्ष-उत्तरपक्ष करत बसावे, ही कल्पनाच त्या काळी धाडसाची होती. तर तिथूनच एक हत्यार घेऊ. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला वाद. यात दोन्ही बाजूंना खरे काय ते हवे असते, म्हणून प्रमाणे मांडतात, तर्क करतात, चूक दिसली तर मान्य करतात. दुसरा जल्प. यात जिंकायचे असते. शब्दच्छल चालतो, समोरच्याची कोंडी करणे चालते. तिसरी वितंडा. यात स्वतःचे मत मांडायचेच नाही, फक्त दुसऱ्याचे पाडायचे. मराठीत आपण सगळ्यालाच ‘वाद घालणे’ म्हणतो, त्यामुळे ‘वाद’ हा शब्द बिचारा बदनाम झाला. मूळचा तो सर्वांत सभ्य शब्द आहे. हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता इतिहासाकडे वळू. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईत झाली. त्याआधी १८६१ चा कौन्सिल कायदा आला होता. त्यानुसार गव्हर्नरच्या कौन्सिलात कायदे करण्यापुरते काही जादा सभासद नेमता येत, आणि त्यांतले निम्मे तरी सरकारी नोकरीबाहेरचे असत. निवडणूक नव्हती. नाना शंकरशेट यांच्यासारखे मोजके हिंदी गृहस्थ नेमले गेले. सभासदांनी समोर ठेवलेल्या विधेयकावर बोलायचे, बाकी काही विचारायचे नाही. सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकारसुद्धा १८९२ च्या कायद्याने मिळाला.

या कौन्सिलाने सुरुवातीच्या वर्षांतच रस्त्यांकडे आणि नद्यांकडे लक्ष दिले. १८६८ मध्ये नदी उतरवणाऱ्या नावांचा कायदा झाला. आपल्याला त्याचे महत्त्व सांगायला नको. अमळनेराहून चोपड्याला जायचे तर मध्ये तापी आहेच, आणि पूल नव्हता तेव्हा नाव, नावाडी आणि त्याचा दर हाच रस्त्याचा कायदा होता. १८६९ मध्ये लोकलफंडाचा कायदा झाला. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा. त्यातला दोन तृतीयांश रस्त्यांना आणि एक तृतीयांश शाळांना. म्हणजे खानदेशातला शेतकरी रस्त्याचे पैसे साऱ्याबरोबर देऊ लागला. आणि सहाच वर्षांनी, १८७५ मध्ये, त्याच कौन्सिलाने रस्ते आणि पूल यांवरच्या टोलाचा कायदा केला. तोच शेतकरी कापसाची गाडी जुंपून निघाला की नाक्यावर पुन्हा पैसे.

एकदा साऱ्यात, एकदा नाक्यावर. “एकदा दिले, पुन्हा का?” हा प्रश्न म्हणजे आजच्या कारवाल्यांचा शोध नाही. तो बैलगाडीइतका जुना आहे. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लोकलफंड आणि जकाती यांच्या बोजाविषयी जे लिहिले, त्याच्या मुळाशी हीच तक्रार आहे. पण हा प्रश्न विचारणारा त्या कौन्सिलात बसलेला नव्हता. शास्त्राच्या भाषेत बोलायचे तर सिद्धान्त सांगितला गेला, पूर्वपक्ष घेतलाच गेला नाही.

तेव्हा अभ्यासाची रीत मात्र कागदावर होती, हे सांगितले पाहिजे. विधेयक मांडायचे, गॅझेटात छापायचे, काही सभासदांच्या समितीकडे द्यायचे, मग एकेक कलम घ्यायचे. ही रीत लंडनच्या पार्लमेंटवरून आली. रीत असणे आणि तिच्यात जीव असणे यांतला फरक १९०१ साली पुण्यात दिसला. विधेयक रस्त्याचे नव्हते, जमीन महसुलाचे होते, पण आपल्या मुद्द्याला ते लागू आहे. शेतकऱ्याच्या जमिनीच्या हक्कावर परिणाम करणारे ते विधेयक घाईने संमत करू नये, लोकांचे मत येऊ द्यावे, अशी मागणी झाली. ती फेटाळली गेली. तेव्हा फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे सहकारी उठून बाहेर पडले. आज सभात्याग म्हटला की आपल्याला गोंधळ आठवतो. तो सभात्याग ‘आम्हाला अभ्यासाला वेळ द्या’ एवढ्यासाठी होता.

आता मोटारीचा काळ. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी आणि लॉऱ्या वाढल्या. कच्चे रस्ते त्यांच्या चाकांखाली उखडू लागले. रस्ते होते जिल्हा बोर्डांकडे, आणि बोर्डांकडे पैसा नव्हता. तेव्हा १९२७ साली हिंदुस्थान सरकारने केंद्रीय कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांतले सभासद घेऊन एक समिती नेमली. अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. मुंबईच्या कौन्सिलात ते स्वराज्य पक्षाचे पुढारी होते, आणि पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते हेच.

ही जयकर समिती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. वाहतुकीचा कायदा करण्याआधी अभ्यास कसा करावा, याचा तो आपल्याकडचा चांगला नमुना आहे. समितीपुढे एखादे तयार विधेयक नव्हते. प्रश्न होता: रस्ते वाढवावेत का, आणि वाढवायचे तर पैसा कुणी द्यायचा? समितीने प्रांतांची मते घेतली, साक्षी घेतल्या, आणि १९२८ मध्ये अहवाल दिला. त्याचा गाभा असा: रस्ते आता प्रांतांच्या आणि बोर्डांच्या आवाक्याबाहेर चालले आहेत, तो देशाचा प्रश्न झाला आहे, आणि जो रस्ता वापरतो त्याच्याकडून पेट्रोलवरच्या जादा कराने पैसा घेऊन तो रस्त्यांवरच खर्च करावा. १९२९ मध्ये पेट्रोलवरचा कर गॅलनमागे चार आण्यांचा सहा आणे झाला आणि वरचे दोन आणे वेगळ्या रस्ता निधीत जाऊ लागले. इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था १९३४ मध्ये निघाली, तीही याच अहवालाच्या प्रेरणेतून.

यात कारण स्पष्ट आहे ना? ‘जो जितके पेट्रोल जाळतो, तो तितका रस्ता वापरतो, म्हणून त्याने तितके द्यावे.’ पटो न पटो, कारण आहे आणि ते छापलेले आहे. म्हणूनच आपण आज, जवळजवळ शंभर वर्षांनी, त्याच्याशी वाद करू शकतो.

त्याच काळात मुंबई प्रांताने १९३५ मध्ये मोटार वाहन कराचा स्वतंत्र कायदा केला. १९३९ मध्ये साऱ्या देशाचा मोटार वाहन कायदा आला. स्वातंत्र्य मिळाले, आणि १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी सरकारी एस.टी. धावली. ही एस.टी. आपल्याला जिव्हाळ्याची, म्हणून तिची एक कायदेशीर गोष्ट सांगतो. बस आधी धावली, पक्का कायदा मागून आला. महामंडळ स्थापन झाले ते १९४८ च्या एका केंद्रीय कायद्याच्या आधारावर. तो कायदाच कच्चा निघाला. मग १९५० चा रस्ता परिवहन महामंडळ कायदा करावा लागला, आणि त्यात एक खास कलम घालावे लागले, की मुंबई सरकारने महामंडळ स्थापण्याचा जो आदेश काढला होता तो वैध समजावा. म्हणजे लाल बस खेड्यापाड्यांत पोचली होती, पण तिच्या जन्माचा दाखला संसदेला मागाहून दुरुस्त करून द्यावा लागला. घाई चांगल्या हेतूची असली तरी कायद्यात ती कुणाला तरी निस्तरावी लागते.

१९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य झाले. गुजरात, सौराष्ट्र, विदर्भ, मराठवाडा, सगळे एका छताखाली आले आणि प्रत्येक भागाचा गाडीकर वेगळा. तो एक करायला १९५८ चा मुंबई मोटार वाहन कर अधिनियम झाला. त्याच वर्षी प्रवाशांवरच्या कराचाही कायदा झाला. हे दोन्ही कायदे आजही चालू आहेत, फक्त त्यांच्या नावात आता ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आहे. आपण गाडी घेताना जो ‘रोड टॅक्स’ म्हणतो तो पहिल्या कायद्याने. एस.टी.च्या तिकिटात जो कर दडलेला असतो तो दुसऱ्या कायद्याने. तो अनेक वर्षे साडेसतरा टक्के आहे, हे तिकीट हातात धरून बसणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

१९५८ च्या गाडीकराच्या कायद्यात विसावे कलम आहे. त्यातला सौदा साधा होता. गाडीवाल्याने राज्याला एक कर द्यायचा आणि त्याच्या बदल्यात जागोजागी टोल आणि गावोगावचे वेगळे कर लावायचे नाहीत. म्हणजे १८६९ आणि १८७५ च्या दुहेरी देण्याला दिलेले हे उत्तर होते: एकदा द्या, पुन्हा नाही. पण याच कलमात पुढच्या दशकांत दुरुस्त्या होत गेल्या. मोठ्या खर्चाचा पूल असेल तर टोल चालेल. बोगदा असेल तर चालेल. वळणरस्ता असेल तर चालेल. मग रस्त्याचा तुकडाही चालेल. मग खासगी उद्योजकाने पैसे घालून बांधला असेल तर त्यालाही वसूल करू द्यावे. प्रत्येक अपवादाला त्या त्या वेळी कारण होते, नव्हते असे नाही. सरकारजवळ पैसा नव्हता, वाहने वाढली होती, पूल हवे होते. पण अपवाद जोडत जोडत मूळ वचनच उलटे झाले. कलमाचे शीर्षक मनाईचे, आणि आत परवानगीच परवानगी.

आमचा प्रश्न टोल चांगला की वाईट हा नाही. त्यावर अर्थशास्त्राचे लोक बोलतील. प्रश्न असा, की १९५८ चे वचन बदलायचे होते, तर “आम्ही हे वचन बदलत आहोत, कारण असे असे आहे” अशी एक मोठी, सरळ चर्चा व्हायला हवी होती. जयकर समितीसारखी. त्याऐवजी ते वचन तुकड्यातुकड्याने बदलले.

आता कुणी विचारेल, आजच्या विधिमंडळात अभ्यासाची सोय आहे का? भरपूर आहे. विधेयकाची प्रत कधी हातात घेऊन पाहा. शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असते. हा कायदा का हवा, ते मंत्र्याने सहीनिशी लिहून द्यायचे. खर्च पडणार असेल तर ‘वित्तीय ज्ञापन’. सरकारला पुढे नियम करण्याचा अधिकार द्यायचा असेल तर त्याचे वेगळे ज्ञापन. मग तीन वाचने. पहिल्यात विधेयक मांडायचे. दुसऱ्यात तत्त्वावर चर्चा आणि मग एकेक खंड. तिसऱ्यात संमती. पुढे दुसरे सभागृह, राज्यपाल, आणि केंद्राच्या कायद्याशी विरोध येत असेल तर राष्ट्रपती.

वाहतुकीच्या बाबतीत हा केंद्राचा मुद्दा फार येतो. राज्यघटनेने वाटणी अशी केली आहे: रस्ते, पूल, नावा हे राज्याच्या यादीत, गाड्यांवरचा कर, माल आणि प्रवाशांवरचा कर, टोल हेही राज्याच्या यादीत, पण यंत्राने चालणारी वाहने आणि त्यांच्यावर कर लावण्याची तत्त्वे समवर्ती यादीत, म्हणजे दोघांच्याही हातात. आणि राष्ट्रीय महामार्ग तर केंद्राचेच. धुळ्याहून जळगावकडे येताना जो जुना सहा नंबर लागतो, त्याच्यावरचा टोल मुंबईच्या विधानसभेत ठरत नाही. आमदारांना त्याबद्दल जाब विचारणारे आमचे मित्र खूप आहेत, पण त्यांनी तो खासदारांना विचारायला हवा.

दुसऱ्या वाचनाच्या वेळी एक महत्त्वाचे वळण असते. विधेयक लगेच विचारात घ्यायचे, की प्रवर समितीकडे पाठवायचे, की दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे, की लोकमत अजमावण्यासाठी प्रसृत करायचे? वर्तमानपत्रे जिला ‘चिकित्सा समिती’ म्हणतात ती हीच. ‘चिकित्सा’ हा शब्द आम्हाला आवडतो. वैद्य नाडी बघतो, तसे. समितीत सर्व पक्षांचे सभासद असतात, तज्ज्ञांना बोलावता येते, लोकांच्या सूचना मागवता येतात, शब्द बदलता येतात. आणि ज्याचे पटलेले नाही त्याला आपले भिन्न मत लिहून अहवालाला जोडता येते. म्हणजे पूर्वपक्ष हरला तरी छापला जातो. सभागृहात बहुधा जल्प चालतो. कॅमेरा आहे, गॅलरी आहे, मतदारसंघ बघतो आहे, चालायचेच. समितीच्या खोलीत वाद होण्याची शक्यता असते, न्यायसूत्रांतल्या अर्थाने.

पण वाहतुकीच्या, विशेषतः कराच्या विधेयकांना ही खोली क्वचित लाभते. कराची विधेयके बहुधा अर्थसंकल्पाच्या घाईत येतात आणि त्याच अधिवेशनात संमत होतात. शिवाय ज्यात फक्त कराचीच बाब आहे ते धन विधेयक ठरते. धन विधेयक विधान परिषदेला अडवता येत नाही. चौदा दिवसांत शिफारशी करायच्या, आणि त्या स्वीकारायच्या की नाही ते विधानसभा ठरवणार. आम्ही शिक्षक-पदवीधर मंडळी मोठ्या हौसेने नाशिक विभागातून आपला सभासद परिषदेत पाठवतो. गाडीच्या कराबाबत त्याच्या हाती शिफारशीपलीकडे काही नसते, हे जाणून असावे.

आणि आणखी एक. आता पुष्कळसे निर्णय विधेयकाच्या वाटेने येतच नाहीत. दोन उदाहरणे घेऊ.

पहिले टोलाचेच. राज्यातले बरेच टोलरस्ते ज्या रस्ते विकास महामंडळाकडे आहेत ते १९९६ मध्ये स्थापन झाले, तेही कंपनी म्हणून. त्याच्या जन्मासाठी वेगळ्या कायद्याची गरज पडली नाही. २०१५ मध्ये राज्य सरकारने १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर कार आणि एस.टी. यांना सूट दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना सूट मिळाली. लोकांना आनंद झाला, आम्हालाही झाला. पण ज्याच्याशी करार आहे त्याची भरपाई सरकारला द्यावी लागते, आणि ती येते तिजोरीतून. म्हणजे ज्याच्याजवळ गाडी नाही, तोही त्या नाक्याचा टोल भरतो. हे न्याय्य आहे का? असेलही. पण हा प्रश्न सभागृहात येतो तो पुरवणी मागण्यांच्या आकड्यांच्या गर्दीतली एक ओळ म्हणून.

एस.टी.च्या सवलतींचेही तेच. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास, २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. आज इथे आलेल्यांपैकी बरेच जण त्याच सवलतीत आले असतील, आणि खुशाल यावे. पण सरकार एका हाताने महामंडळाला सवलतीची भरपाई देते आणि दुसऱ्या हाताने त्याच तिकिटांवर प्रवासी कर घेते. या दोन हातांचा हिशेब एकत्र कुणी मांडायचा? विधिमंडळाची सार्वजनिक उपक्रम समिती आहे, लोकलेखा समिती आहे, महालेखापालांचे अहवाल आहेत. या समित्या काम करतात. पण ते निर्णय झाल्यावरचे परीक्षण. निर्णयाआधीची चिकित्सा वेगळी.

दुसरे उदाहरण दंडाचे. मोटार वाहन कायद्यात मोठी सुधारणा करणारे विधेयक केंद्राने २०१६ मध्ये आणले. त्याआधी राज्यांच्या परिवहनमंत्र्यांचा गट बसला, नंतर संसदेच्या स्थायी समितीने ते तपासले. लोकसभेने ते २०१७ मध्ये संमत केले आणि मग राज्यसभेने पुन्हा प्रवर समितीकडे दिले. अभ्यास भरपूर झाला. पण लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बारगळले. २०१९ मध्ये नव्याने आणून संमत केले. पुढे राज्यांत दंड वाढवण्याची वेळ आली तेव्हा महाराष्ट्राने हात आखडला, गुजरातने काही दंड कमी केले. आपल्याकडे तडजोडीच्या दंडाचे नवे दर लागू झाले ते डिसेंबर २०२१ मध्ये, अधिसूचनेने. हेल्मेट नसले तर किती, लायसन नसले तर किती, हे आकडे आमदारांनी हात वर करून ठरवलेले नाहीत. कायद्याने तो अधिकार राज्य सरकारला दिला आहे, आणि सरकारने कागद काढला.

इथे एक आक्षेप आम्हीच आमच्यावर घेतो, नाहीतर आम्ही जल्प करतो आहोत असे व्हायचे. कुणी म्हणेल, “सर, तुमच्या या चिकित्सेपायी तीन वर्षे गेली. आपल्या देशात रस्त्यावर दरवर्षी दीड लाखाहून अधिक माणसे मरतात. प्रत्येक वर्षाच्या उशिराचा हिशेब कोण देणार?” हा आक्षेप फार गंभीर आहे, तो टाळता येत नाही. ज्या घरातला मुलगा महामार्गावर गेला, त्याला ‘प्रवर समिती बसली होती’ हे उत्तर देता येत नाही. शिवाय दंडाचा प्रत्येक आकडा विधिमंडळाने ठरवावा म्हटले तर विधिमंडळाला दुसरे कामच उरणार नाही. नियम सरकारने करणे अपरिहार्य आहे.

आमचे उत्तर असे. त्या विधेयकाला वेळ लागला तो सगळाच अभ्यासाला लागला नाही. प्रवर समितीचा अहवाल डिसेंबर २०१७ मध्ये आला होता. त्यानंतरचा काळ विधेयक पडून राहण्यात गेला. अभ्यासाला मुदत घालता येते. समितीला ‘पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अहवाल द्या’ असे सांगता येते, सांगतातही. आणि सगळी घाई करूनही २०१९ चे दंड आपल्या राज्यात दोन वर्षे लागू झाले नाहीतच. का? लोकांना पटलेले नव्हते, आणि पटवण्याचे काम राज्यात कुणी केलेले नव्हते. जो वेळ आधी दिला नाही तो नंतर द्यावा लागला.

सरकारने नियम करायचे, तर त्यांची तपासणी कुणी करायची, यावरही आपल्या माणसांनी विचार केला आहे. दादासाहेब मावळंकर १९३७ पासून मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते, पुढे पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या काळात १९५३ मध्ये लोकसभेत एक खास समिती बसली, सरकारने केलेले नियम कायद्याच्या मर्यादेत आहेत का ते पाहणारी. राज्यांच्या विधिमंडळांतही अशी समिती असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार राज्याने केलेला प्रत्येक नियम विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. आणि ठेवण्याआधी त्याचा मसुदा राजपत्रात छापून, मुदत देऊन, लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात.

हे दार तुमच्या-आमच्यासाठी आहे. आम्ही ते एकदा ठोठावून पाहिले. काही वर्षांपूर्वी प्रवासी वाहनांविषयीच्या एका मसुद्यावर आम्ही तिघा-चौघा निवृत्तांनी बसून दोन पानी हरकत तयार केली. टाइप केली, सह्या केल्या, आणि संबंधित कार्यालयात घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी नीट वाचली. म्हणाल्या, “काका, मुद्दे चांगले आहेत, पण मुदत परवाच संपली.” आम्हाला मसुद्याची बातमी कळली होती वर्तमानपत्रातल्या चार ओळींतून, तीही उशिरा. बाईंचा दोष नव्हता. त्यांनी आमची प्रत ठेवून घेतली, पोच दिली. पुढे तिचे काय झाले ते कळले नाही. पोच मात्र अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे.

तेव्हा आमच्या मनात १८७५ चा तो कापसाच्या गाडीवाला आला. त्याला कौन्सिलात बसता येत नव्हते. आपल्याला हरकत घेता येते, तसा नियमच आहे. पण ती वेळेत पोचेल अशी व्यवस्था कुणी केलेली नाही, सरकारने नाही आणि आपणही नाही. गावात वाचनालये आहेत, महाविद्यालये आहेत. राजपत्र आता संकेतस्थळावर मिळते. एखाद्या वाचनालयाने आठवड्यातून एकदा ते उघडून, आपल्याशी संबंधित मसुदे फळ्यावर लिहायला काय हरकत आहे? ‘अमुक नियमाचा मसुदा, हरकतीची शेवटची तारीख अमुक’, एवढेच. अधिवेशनात वाहतुकीचे विधेयक आले तर आपल्या आमदारांना एक ओळीचे पत्र लिहा: “हे समितीकडे पाठवावे अशी सूचना आपण मांडावी.” सूचना बहुधा फेटाळली जाईल. पण ती मांडली गेल्याची नोंद कामकाजात राहील, आणि पुढच्या वेळी कुणाला तरी तिचा आधार मिळेल.

सुरुवातीला ज्या स्नेह्यांनी दारात प्रश्न विचारला ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटते की त्यांना आमच्या म्हणण्याला हरकत घ्यायची आहे. घ्यावी. पाच मिनिटे आहेत, आणि इथली मुदत अजून संपलेली नाही.